‘नको’ म्हणणाऱ्या घरात सुवार्ता: घाई न करता, क्रमानं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) शेजाऱ्याला सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगताना एकच चूक दोन रूपांत दिसते. काही जण पहिल्याच भेटीत सबंध बायबल, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, ओतून मोकळे होतात. काही जण पहिलं ‘नको’ ऐकलं की त्या घराचं नाव यादीतून कायमचं खोडतात. दोघांचाही समज असा, की माणसाचं मन एका बैठकीत उघडतं नाहीतर बंद होतं. खेड्यात तसं होत नाही. इथे माणूस आधी घर बघतो, मग भाऊबंद बघतो, मग गल्ली काय म्हणेल ते बघतो आणि त्यानंतर स्वतःच्या मनाकडे वळतो. खालचे टप्पे त्या चालीनं लावले आहेत. मधला टप्पा गाळला की पुढचा सगळा बिघडतो.

टप्पा १: घराबाहेर पडण्याआधी

पहिलं काम कायद्याचं, कारण बहुतेकांना तो ऐकीव माहीत असतो. राज्यघटनेचं कलम २५ धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं, की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. सांगणं तुमचं, ठरवणं त्याचं. ही रेघ तुमच्याच मनात पक्की असली की निम्म्या भानगडी टळतात.

कर्नाटकाचा धर्मस्वातंत्र्य संरक्षण कायदा २०२२ चा. त्याचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्याच सुवर्णसौधात विधानसभेनं मंजूर केलं होतं. बळजबरी, फसवणूक, दबाव, आमिष किंवा लग्नाचं वचन देऊन केलेलं धर्मांतर त्यात गुन्हा आहे. आमिषाची व्याख्या फार रुंद आहे: भेटवस्तू, पैसा, नोकरी, धार्मिक संस्थेच्या शाळेत फुकट शिक्षण, चांगल्या राहणीमानाचं वचन, देवाच्या कोपाची भीती, आणि एका धर्माच्या विधींना दुसऱ्यापुढे हीन दाखवणंसुद्धा. शिक्षा ३ ते ५ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. समोरची व्यक्ती अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर ३ ते १० वर्षं आणि किमान ५०,००० रुपये. तक्रार नातेवाईकच नव्हे, सोबत काम करणारा माणूसही करू शकतो.

जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं हा कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यावरून ‘आता कायदाच नाही’ असं बरेच जण सांगत फिरतात. मंत्रिमंडळाच्या निर्णयानं कायदा पुसला जात नाही, त्यासाठी विधिमंडळ लागतं. आज काय स्थिती आहे ते वकिलाकडून विचारून घ्या. चंदगड-गडहिंग्लजकडे पाहुण्यांत जाणार असाल तर महाराष्ट्राचंही वेगळं विचारा.

दुसरं काम तुमच्या स्वतःच्या साक्षीचं, म्हणजे येशूमुळं तुमच्या आयुष्यात काय झालं ते सांगण्याचं. ती तीन मिनिटांत बसली पाहिजे: आधी काय होतं, काय घडलं, आता काय बदललं. दारू सुटली असेल तर तसं म्हणा. राग अजून येतो, तर तेही म्हणा. साक्ष घरातल्या माणसाला ऐकवा आणि विचारा, ‘यातलं काय खरं वाटत नाही?’ बायको हसली तर ते वाक्य काढून टाका.

तिसरं, नावं. पाचाहून जास्त नको. जी माणसं तुम्हाला चांगल्या-वाईट प्रसंगात बोलावतात तीच लिहा. अनोळखी वस्तीत पत्रिका वाटत फिरणं हे या लेखात बसत नाही, आणि आमच्या मते खेड्यात त्याचा उपयोगही कमीच.

*तपासा:* त्या पाच जणांना उद्या कळलं की तुम्ही ख्रिस्ती आहात, तर ते नवीन वाटेल काय? वाटणार असेल तर अजून सुरुवात करू नका. आधी सरळ सांगून टाका. लपवून जवळीक वाढवणं आणि मग विषय काढणं याला फसवणूकच म्हणतात.

टप्पा २: ‘नको’ नीट ऐका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ‘नको’ हा शब्द एक, पण त्यामागं चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात.

पहिला नकार लोकांसमोरचा. मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर चार जण बसलेले असतात. तुम्ही विषय काढता, आणि त्यातले तात्या मोठ्यानं म्हणतात, ‘आमचं आमाला हाय, तुमचं काय सांगू नकोस.’ हे उत्तर तुमच्यासाठी नसतं, शेजारच्या तिघांसाठी असतं. तेच तात्या आठ दिवसांनी गोठ्यापाशी म्हशीला वैरण टाकता टाकता विचारतात, ‘काय रे, तुमच्यात मयत पुरतात, ते कसं करतात?’ हा प्रश्न सहज आलेला नसतो. जेवढं विचारलं तेवढंच सांगा आणि वैरणीला हात लावा.

दुसरा नकार वेळेचा. भातलावणी चालू आहे, ऊसतोडीची टोळी आली आहे, सून बाळंतपणाला गेली आहे. अशा वेळी ‘नको’चा अर्थ ‘आत्ता नको’.

तिसरा जुन्या जखमेचा. पूर्वी कोणीतरी ख्रिस्ती माणूस या घरी येऊन देव्हाऱ्याबद्दल वाईटसाईट बोलून गेलेला असतो, नाहीतर भाच्यानं घरी न सांगता बाप्तिस्मा घेतलेला असतो. इथे तुमच्या बोलण्याआधी त्यांचं बोलणं व्हायला हवं. ‘त्यांनी तसं बोलायला नको होतं’ एवढं म्हणून थांबा. ‘पण’ जोडू नका.

चौथा खरा नकार. शांतपणे, एकटं असताना, तुमच्या डोळ्यांत बघून दिलेला. तो मानायचा. त्याबद्दल टप्पा ७ मध्ये.

बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात प्रेषित पौल अथेन्सला बोलला तेव्हाही काहींनी थट्टा केली, काही म्हणाले ‘पुन्हा केव्हातरी ऐकू’, आणि थोड्यांनी विश्वास धरला. थट्टा करणाऱ्यांच्या मागं पौल लागला नाही.

*इशारा:* मत्तय १० मधला, न ऐकणारं घर सोडताना पायांची धूळ झटकण्याचा दाखला शेजाऱ्यावर चालवू नका. तो वाटेनं पुढे जाणाऱ्या शिष्यांना दिलेला होता. तुम्हाला उद्या त्याच नळावर पाणी भरायचं आहे.

टप्पा ३: वेळ, जागा, सोबत

मृग लागल्यापासून लावणी संपेपर्यंत आणि पुन्हा सुगीत कोणाला बसवून धरू नका. आषाढी-कार्तिकीच्या आसपास वारकरी घरात, गावच्या जत्रेत, सप्ताह चालू असताना, गणपतीत हा विषय नाही म्हणजे नाही. त्या दिवसांत पाहुणा म्हणून जा, सुखदुःख विचारा आणि परत या. सुगी आवरल्यानंतरच्या संध्याकाळी बऱ्या.

निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायांची मजुरी हजाराच्या हिशेबानं मिळते. हातातलं सूप खाली ठेवायला लावलंत तर तुम्ही त्यांचे पैसे बुडवलेत. त्यांचे हात चालू द्या, तुम्ही बाजूला बसा. बोलणं तसंही होतं, उलट मोकळं होतं.

पुरुषानं एकट्या बाईच्या घरी जाऊ नये. नवरा-बायको मिळून जा, नाहीतर दोन बायका जा. आईबापांना न सांगता शेजारच्या मुलांना गाणी किंवा गोष्टी शिकवू नका. नाताळच्या कार्यक्रमाला बोलवायचं तरी आधी आईला विचारा.

चहा दिला तर घ्या. चहा नाकारणं म्हणजे घर नाकारणं. प्रसादाचं आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी चेहरा लपत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १० व्या अध्यायात पौल दोन्ही बाजू मांडतो, आणि मंडळ्यांमध्ये यावर एकमत नाही. घेत नसाल तर हात जोडून ‘माझं राहू द्या मावशी, चहा मात्र घेणार’ म्हणा. कारण सांगत बसू नका.

तुमच्याकडून फराळ नेताना डोकं वापरा. या भागात जैन आणि लिंगायत घरं बरीच. नाताळचा अंड्याचा केक तिथे पाठवलात तर तो गायीपुढंही ठेवता येत नाही. करंजी, शंकरपाळी, बिनअंड्याची नानकटाई द्या आणि देताना ‘यात अंडं नाही’ हे तोंडानं सांगा. कडक पाळणाऱ्या जैन घरी सूर्यास्तानंतर खायला नेऊ नका.

टप्पा ४: आधी विचारा, मग गप्प बसा

योहान ४ मध्ये शोमरोनी बाईशी येशूचं पहिलं वाक्य ‘मला पाणी दे’ हे आहे. उपदेश नंतर येतो. तुम्हीही काहीतरी मागणारे, विचारणारे व्हा. एका भेटीत पुढच्यांपैकी एकच प्रश्न पुरे:

‘काका, तुम्ही माळ कधी घातली?’
‘अक्का, यल्लम्माला दर वर्षी जाता, ते कशासाठी सुरू झालं?’
‘अडचण आली की तुम्ही पहिलं कोणाला हाक मारता?’

उत्तर येताना मध्ये ‘आमच्यात पण असंच’ घालू नका. पूर्ण ऐका. ‘पोर वाचलं म्हणून नवस फेडते’ असं अक्का म्हणाल्या, तर पोराला काय झालं होतं ते विचारा. या घराला भीती कशाची आहे, उपकार कोणाचे वाटतात, हे कळल्याशिवाय पुढं काय सांगायचं तेच कळत नाही.

भाषेचंही इथेच उरकून घ्या. घरात मराठी, पण नातू कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेला आणि देवनागरी अडखळत वाचणारा, असं घरोघरी आहे. आजीला तर वाचताच येत नाही. म्हणून पुस्तक पुढं सरकवण्याआधी विचारा. कन्नड शुभवर्तमान मिळतं, मराठी वाचन फोनवर ऐकवता येतं.

*तपासा:* बाहेर पडल्यावर स्वतःला विचारा, जास्त कोण बोललं? तुम्ही बोलला असाल तर हा टप्पा झालेला नाही. पुढच्या वेळी इथूनच.

टप्पा ५: परवानगी घेऊन एक गोष्ट

वाक्य साधं ठेवा: ‘येशूनं सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. सांगू काय? पाच मिनिटं लागतील.’ ‘होय’ आलं तर सांगा. ‘बघू नंतर’ आलं तर विषय बदला आणि चेहरा पाडू नका.

पहिली गोष्ट लूक १५ मधला उधळा पुत्र. या भागात ती समजावून सांगावी लागत नाही: बाप जिवंत असताना वाटणी मागणारा मुलगा प्रत्येक गल्लीत आहे. बाप रस्त्याकडे बघत थांबतो आणि दुरून दिसल्यावर पळत जातो, तिथे हळू व्हा. आपल्याकडे वयस्क बाप पोरासाठी चारचौघांत पळत नाही, हे ऐकणाऱ्याला आपोआप जाणवतं. थोरल्या भावाचा भाग गाळू नका. नेटानं घर सांभाळणाऱ्या, एकादशी न चुकवणाऱ्या माणसाला तोच भाग लागतो. शेवटी तात्पर्य सांगू नका. ‘तुम्हाला यातला कोण बरोबर वाटतो?’ असं विचारा. बरेच जण थोरल्याची बाजू घेतात. घेऊ द्या, त्यावर बोलणं होतं.

नंतरच्या भेटींचा क्रम असा ठेवा: लूक १० मधला चांगला शोमरोनी, मार्क २ मधला छपरातून खाली सोडलेला पक्षाघाती, लूक १९ मधला जक्कय, आणि मग वधस्तंभ (क्रूस) व पुनरुत्थान. क्रूसाची गोष्ट कायमची टाळत राहणं ही सौम्य स्वभावाच्या माणसांची चूक आहे. चार महिने नुसत्या छान गोष्टी सांगून मुख्य गोष्टच सांगितली नाही, तर समोरच्याला वाटतं, हा आणखी एक साधू. मग येशूची तसबीर देव्हाऱ्यात जाते आणि तुम्हाला वाटतं काम झालं.

‘तारण’, ‘कोकऱ्याचं रक्त’, ‘नवा जन्म’ हे शब्द मंडळीबाहेर सुटे टाकू नका. कोणी विचारलं तर उलगडून सांगा.

वाचायची इच्छा दिसली तर मार्काचं शुभवर्तमान द्या. १६ अध्याय, दीड तासात वाचून होतात. सबंध बायबल दिलं की लोक पहिल्या पानापासून सुरू करतात आणि लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकतात. सोप्या मराठीतलं भाषांतर द्या. जुन्याची भाषा जड पडते.

प्रार्थना करायची तर विचारून, एक मिनिटभर, हळू आवाजात, बसल्या जागी. डोक्यावर हात ठेवू नका. ‘देवा, यांच्या गुडघ्याचं दुखणं तुला माहीत आहे’ एवढं पुरतं.

*इशारा:* फोटो, व्हिडिओ अजिबात नको. ‘प्रार्थनेत आठवण करा’ म्हणून शेजाऱ्याचा फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला जातो, तो तिसऱ्या दिवशी त्याच्या मेहुण्याच्या फोनवर पोचतो, आणि ते दार बंद होतं. त्या माणसालाही त्रास होतो, तो वेगळाच.

टप्पा ६: नेहमीचे सवाल

*‘पैसे किती मिळतात तुला?’* चिडू नका. सरळ उत्तर द्या: काही नाही. पाळकांचा (पास्टरांचा) पगार कुठून येतो, अर्पण कोण देतं, तेही सांगा. तुम्ही पगारी सेवक असाल तर तेही लपवू नका.

*‘बाटवायला आलास काय?’* ‘नाही. मला जे मिळालं ते सांगतोय. तुम्ही नको म्हटलं तर इथेच थांबतो, आणि उद्या चहाला येतोच.’ आणि दुसऱ्या दिवशी खरंच जा.

*‘आमचा पांडुरंग आहे की.’* इथे दोन खड्डे आहेत. एक, विठ्ठलाबद्दल काही कमीजास्त बोलणं: ते कायद्यानं धोक्याचं आणि माणुसकीनं चुकीचं. दुसरा, वाईटपणा नको म्हणून ‘होय, सगळं एकच’ म्हणून सोडणं. ते तुम्ही मानत नसाल तर बोलू नका. ‘तुमची भक्ती मी बघतो. मला येशूत काय दिसलं ते कधी ऐकावंसं वाटलं तर सांगेन’ इतकं म्हणा.

*‘तुमच्यात जात नाही म्हणता, मग लग्नं कशी जुळवता?’* हा सवाल टोचतो, कारण तो बरोबर आहे. कबूल करा. ‘पाळतात. शास्त्रात नाही, तरी पाळतात.’ सारवासारव केलीत तर पुढचं काहीच ऐकलं जाणार नाही.

*‘प्रार्थनेनं माझं दुखणं बरं होईल काय?’* वचन देऊ नका. ‘मी देवाकडे मागेन, पण गोळ्या थांबवू नका’ हे दोन्ही एका दमात म्हणा. क्षयाची साधी औषधयोजनाही सहा महिन्यांची असते. मध्येच सोडली तर रोग औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. साखर, रक्तदाब, फिट यांच्या गोळ्याही मध्येच सोडायच्या नसतात. गोळी सोडून कोणी दवाखान्यात पोचलं तर दोष तुमच्यावर येईल, आणि तो वाजवी असेल.

उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, विचारून सांगतो’ म्हणा. मग विचारा आणि सांगायला जा.

मदतीचा प्रश्न याला लागूनच. रेशनचा अर्ज कन्नडमधून भरून देणं, दवाखान्यात सोबत जाणं, मयताच्या घरी पिठलं-भाकरी पोचवणं हे शेजारधर्म म्हणून करा, आणि त्या दिवशी येशूचं नाव काढू नका. ऐकणाऱ्या घराला मदत आणि न ऐकणाऱ्याला नाही, असा फरक पडू लागला की ते आमिष झालं. गल्लीला तो फरक तुमच्याआधी दिसतो. उसने पैसे द्यायचेच असतील तर बोलणं चालू असलेल्या घराला देऊ नका. दुसऱ्या कोणामार्फत सोय बघा.

टप्पा ७: थांबणं

खरा नकार आला की विषय बंद. ‘बरं काका, यावर मी आता बोलणार नाही. तुम्ही काढलात तरच.’ हे शब्दांत सांगा, नाहीतर प्रत्येक भेटीत त्यांना धाकधूक राहते. पुढं जाणं-येणं होतं तेवढंच ठेवा, कमी करू नका. विषय बंद झाल्यावर तुमचं येणंही बंद झालं, तर आधीचं येणं कशासाठी होतं हे सगळ्यांना कळतं.

आडून सांगणंही थांबवा. त्यांच्या स्टेटसखाली वचनं टाकणं, त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं गाणं, सुनेमार्फत पत्रिका पाठवणं, हे सगळं त्यात आलं.

किती दिवस थांबायचं, असं विचारतात. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा यहुदी पुढारी तीनदा दिसतो: ३ ऱ्या अध्यायात रात्री लपून, ७ व्यात सभेत अर्धवट बाजू घेताना, १९ व्यात गंधरस घेऊन कबरेपाशी. मधल्या काळात येशू त्याच्या घरी चकरा मारताना दिसत नाही.

टप्पा ८: कोणी स्वतः पुढं आलं तर

आता घाई तुमच्याकडून होते. वर्षभर धीर धरलेला माणूस बाप्तिस्म्याची तारीख मात्र दोन रविवारांत काढतो. असं करू नका. आधी चार गोष्टी स्पष्ट सांगा.

एक, घरचे. नवरा, बायको, आईबाप यांच्यापासून लपवून काही होणार नाही. वय अठराच्या आत असेल तर विषयच नाही.

दोन, कागद. २०२२ च्या कायद्यानुसार धर्म बदलणाऱ्यानं ३० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे नमुना १ मध्ये आणि विधी करणाऱ्यानं नमुना २ मध्ये कळवायचं असतं. नंतरही ३० दिवसांत एक घोषणापत्र असतं. पाळक आणि वकील दोघांना बसवून करा.

तीन, सवलती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. मुलाची शिष्यवृत्ती, नोकरीतलं आरक्षण, राखीव जागेवरची ग्रामपंचायत सदस्यता, सगळं यात आलं. हे आधी न सांगणं ही फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

चार, मयत. गोठ्यापाशी तात्यांनी विचारलं होतं ते उगाच नाही. लिंगायत घराला पुरणं नवीन नाही, मराठा घराला आहे. गावात ख्रिस्ती दफनभूमी आहे काय, नसेल तर जवळची कुठं, तिथे जागा कोण देतं, गाडी कोण आणणार, आणि भाऊबंद खांदा देतील काय, हे मंडळीच्या पंचांना विचारून त्या माणसाला नेमकं सांगा. त्यानंतरही तो ‘होय’ म्हणाला, तर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा एकदा विचारा, आणि तेव्हा घरातलं एखादं माणूस समोर असू द्या.